सोन्यातील लोखंड आणि निम्म्या-निम्म्याचा हिशेब

धातू थंड करत नेला की त्याचा विद्युतरोध घटतो, असे आपण वर्गात शिकवतो. अणूंची थरथर मंदावते, इलेक्ट्रॉनांना वाट मोकळी होते. शेवटी अशुद्धींमुळे होणारा रोध तेवढा उरतो आणि आलेख सपाट होतो. पण १९३४ साली हॉलंडमधील लायडेन येथे द हास, द बूर व फान डेन बर्ग यांना सोन्याच्या तारांत वेगळेच दिसले. काही केल्व्हिनच्या खाली रोध पुन्हा वाढू लागला!

पुढे ध्यानात आले, की याला लोखंडासारख्या चुंबकी अणूंची किंचित भेसळ कारणीभूत असते. अशा अणूला स्वतःचा स्पिन असतो. इलेक्ट्रॉन त्यावर आदळला, की दोघांच्या स्पिनांची अदलाबदल होऊ शकते. १९६४ मध्ये जपानच्या जुन कोंडो यांनी ही आकडेमोड नेहमीपेक्षा एक पायरी पुढे नेली आणि तापमान उतरेल तसे लॉगॅरिथमनुसार वाढणारे पद त्यांना मिळाले. कोडे सुटले, पण दुसरे उभे राहिले. शून्य केल्व्हिनकडे जाताना हे पद अनंत होते. तारेचा रोध काही अनंत होत नाही.

येथे १९७० साली फिलिप अँडरसन यांची युक्ती उपयोगी पडली. तिला त्यांनी गमतीने ‘गरीब माणसाची’ पद्धत म्हटले. थंड धातूत फार वरच्या ऊर्जेच्या पातळ्यांचा थेट संबंध येत नाही, पण त्या नुसत्या खोडून चालत नाही. वहीचे पान काढून टाकताना आपण त्यावरची बाकी पुढच्या पानावर ओढतो, तसा त्यांचा परिणाम अणू व इलेक्ट्रॉन यांच्यातील बंधाच्या जोरात मिळवायचा. दोघांचे स्पिन परस्परविरुद्ध राहू पाहत असतील, तर हा जोर प्रत्येक वेळी वाढतो.

नियम इतका सोपा, की अकरावीच्या मुलांना फळ्यावर करता येईल. सोयीच्या एककात, ऊर्जेचा पल्ला निम्मा केला की जोराचा व्यस्त (१ भागिले जोर) ०.७ ने उतरतो. पल्ला ८०,००० केल्व्हिन आणि व्यस्त १० धरू. चौदा वेळा निम्मे केल्यावर व्यस्त ०.२ उरतो आणि पल्ला सुमारे ५ केल्व्हिन. सुरुवात ८ पासून केली, तर अकरा वेळांतच, सुमारे ३९ केल्व्हिनपाशी, तीच गत! जोर फक्त सव्वापट, तापमान मात्र आठपट. म्हणूनच तांब्यातील लोखंडासाठी हे ‘कोंडो तापमान’ सुमारे ३० केल्व्हिन, तर तांब्यातील मँगनीजसाठी एक केल्व्हिनहूनही कितीतरी कमी असते.

व्यस्त शून्याजवळ आला, की हा नियम विश्वासाचा राहत नाही, कारण तो जोर लहान मानूनच काढलेला आहे. पुढची वाट केनेथ विल्सन यांनी १९७५ मध्ये संगणकाच्या साहाय्याने, पल्ला टप्प्याटप्प्याने आखडत, पार केली. अगदी कमी तापमानाला इलेक्ट्रॉन त्या अणूच्या स्पिनाला असे जखडतात, की बाहेरून पाहता स्पिन उरतच नाही, आणि रोध एका मर्यादित मूल्यावर थांबतो. १९८० मध्ये आंद्रेई व वीगमान यांनी स्वतंत्रपणे काढलेल्या नेमक्या उत्तरांनी विल्सन यांच्या आकड्यांना दुजोरा दिला.

१९९८ मध्ये हाच परिणाम अर्धवाहकातील ‘क्वांटम बिंदूं’त दिसला. तेथे मात्र थंड केल्यावर वहन वाढते, कारण इलेक्ट्रॉनांची वाटच त्या बिंदूतून जाते.