मंद्र सप्तकातील गडगडाट

तुकोगंजात संध्याकाळी फेरफटका मारावयास निघालेल्या माणसाच्या कानांवर किती तऱ्हांचे सूर पडतात! नाथ मंदिराच्या बाजूने भजनाचे बोल येतात, एखाद्या घरात पेटीवर यमनाचे स्वर घोटले जात असतात, आणि मधूनच एखाद्या माडीवरून विजेच्या गिटारचा असा घनगंभीर गडगडाट ऐकू येतो की, आभाळ भरून आले की काय, असे वाटून आपण वर पाहतो. आमच्या परिचयाच्या एका घरी अशाच गडगडाटावरून आजोबा आणि नातू यांच्यात रोज खटका उडे. "अरे, हा काय गोंगाट लावला आहेस? आजकालची सगळी थेरं!" असे आजोबा म्हणावयाचे. "आजोबा, हे आजकालचे नाहीच मुळी. हे तुमच्या कॉलेजच्या दिवसांतले आहे," हे नातवाचे ठरलेले उत्तर.

आजोबांना ते उत्तर उर्मटपणाचे वाटे; परंतु नातू खरे तेच बोलत होता. तो ऐकत असे ते वादन आजच्या तरुणांचे असले, तरी त्याचा घाट १९७० च्या सुमाराचा होता. या प्रकारास 'स्टोनर रॉक' असे म्हणतात, आणि जुन्या 'हेवी मेटल' संगीताच्या पुनरुज्जीवनाची ती एक शाखा आहे. हे पुनरुज्जीवन कसे झाले, त्या नादाचे रहस्य कशात आहे, आणि त्यातून आपण काय घ्यावे, याचा थोडा विचार या लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे.

या संगीताचा उगम इंग्लंडातील बर्मिंगहॅम या कारखान्यांच्या शहरी झाला. तेथे टोनी आयोमी नावाचा सतरा वर्षांचा मुलगा पत्र्याच्या कारखान्यात काम करीत असे. एके दिवशी यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा असल्याने गिटारच्या तारा दाबण्याचा त्याचा हात नेमका तोच होता. आता वादन संपले, असे समजून तो खचून गेला. तेव्हा कारखान्यातील त्याच्या वरिष्ठाने त्यास जँगो राइनहार्ट या वादकाची ध्वनिमुद्रिका ऐकविली. भाजल्यामुळे राइनहार्टची दोन बोटे निकामी झाली होती, आणि तरीही तो युरोपातील अग्रगण्य गिटारवादक झाला होता. आयोमीला धीर आला. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणे घडविली, त्यांवर चामडे चिकटविले, आणि हलक्या तारा गिटारला चढविल्या. पुढे तारांचा ताण आणखी कमी व्हावा म्हणून त्याने त्या तीन अर्धस्वरांनी खाली उतरविल्या. गिटारची सर्वांत खालची तार सेकंदास सुमारे ८२ कंपने करते. ती अशा रीतीने सुमारे ६९ कंपनांवर आली. दुखऱ्या बोटांस आराम मिळाला, आणि जगास एक नवा नाद मिळाला! आयोमीच्या 'ब्लॅक सॅबथ' या संघाची पहिली ध्वनिमुद्रिका १३ फेब्रुवारी १९७० रोजी निघाली, आणि हेवी मेटलचा प्रारंभ बहुतेक जाणकार तेथूनच धरतात. तारा खाली उतरविण्याची ती युक्ती १९७१ च्या तिसऱ्या ध्वनिमुद्रिकेत ऐकावयास मिळते.

आता या नादाकडे आपल्या संगीताच्या कानाने पाहू. रॉकच्या वादकांना सर्वांत प्रिय असलेली स्वरजोडी म्हणजे षड्ज आणि पंचम. त्यांच्या कंपनांचे प्रमाण २:३ असे साधे असते. आपला तंबोरा याच जोडीवर लावतात, हे सांगावयास नकोच. तीत गंधार नसल्यामुळे, तो कोमल की शुद्ध हा प्रश्नच उरत नाही. म्हणून ती जोडी धड हर्षाची नव्हे की विषादाची नव्हे, केवळ बळाची वाटते.

दुसरी गोष्ट आवाज फाटण्याची. रेडिओचा आवाज मर्यादेपलीकडे वाढविला की तो फाटतो, हे आपण जाणतो. विजेच्या गिटारचे वादक हे मुद्दाम घडवून आणतात. आवाज फाटतो तेव्हा मूळ स्वरात नव्हते असे वरचे अनेक स्वर त्यात उत्पन्न होतात, आणि नाद भरदार होतो. जुन्या व्हॉल्व्हच्या ध्वनिवर्धकात हे फाटणे हळूहळू होते, ट्रान्झिस्टरच्या यंत्रात ते एकदम होते. म्हणूनच पुनरुज्जीवन करणारे तरुण आजही व्हॉल्व्हची अवजड यंत्रे शोधीत हिंडतात. हे ऐकून कोणी हसेल. परंतु आपणही तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली दोरा सरकवून जवारी लावतोच की! तार स्वच्छ वाजू नये, तिच्यात गुंजन यावे, वरचे स्वर उमलावेत, यासाठीच तो दोरा असतो. साधने निराळी, पण नाद भरदार व्हावा ही तहान एकच.

तिसरी गोष्ट अधिक मौजेची आहे. ब्लॅक सॅबथचे संघाच्याच नावाचे जे गीत आहे, त्याची सुरावट षड्ज, तार षड्ज आणि तीव्र मध्यम एवढ्या तीन स्वरांवर उभी आहे. षड्ज आणि तीव्र मध्यम यांतील अंतरास युरोपात 'सैतानाचे अंतर' असे नाव पडले होते, इतके ते तेथील कानांस अशुभ वाटे. आपल्याकडे हाच तीव्र मध्यम यमनात येतो, आणि यमन आपण दिवेलागणीच्या वेळी मुलांना शिकवितो! स्वर हा स्वतः शुभ नसतो की अशुभ नसतो. त्याला अर्थ येतो तो परंपरेमुळे.

१९८० नंतर मेटल संगीत उत्तरोत्तर द्रुत होत गेले. तेव्हा काही तरुणांना मागे वळून त्या संथ, जड चालीकडे जावेसे वाटले. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात पाम डेझर्ट नावाचे गाव आहे. तेथील मुले वीज उत्पन्न करणारी यंत्रे घेऊन उघड्या वाळवंटात जात आणि चांदण्यात कार्यक्रम करीत. त्यांपैकीच 'कायस' हा संघ होय. त्याचा गिटारवादक जॉश होमी आपली गिटार खर्जाच्या ध्वनिवर्धकातून वाजवीत असे. या संघाची १९९२ ची ध्वनिमुद्रिका या शाखेत प्रमाण मानली जाते. 'स्टोनर' हा शब्द मात्र नशा करणाऱ्यास लावतात, आणि काही संघांनी त्या व्यसनाचे गोडवेही गाइले, हे लपविण्यात अर्थ नाही. परंतु या संगीताचे बळ धुरात नाही. ते मंद लयीत आणि खालच्या सुरात आहे. नुसता धूर सोडून कोणी आयोमी झाल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

आपल्या देशातही या संगीताचा वेल पूर्वीच चढला होता. १९७० आणि १९७१ साली 'सिमला बीट' या अखिल भारतीय स्पर्धेच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या. १९७१ सालीच लोणावळ्याजवळ मळवली येथे तरुणांचा 'स्नेहयात्रा' हा संगीतमेळावा भरला. मुंबईच्या 'ॲटॉमिक फॉरेस्ट' या संघाचे त्या काळचे वादन विस्मृतीत गेले होते; ते एका अमेरिकन कंपनीने २०११ साली पुन्हा प्रसिद्ध केले, आणि आजच्या श्रोत्यांनी ते कौतुकाने ऐकले. १९८६ पासून मुंबईत 'इंडिपेंडन्स रॉक' हा उत्सव होऊ लागला, आणि धोबी तलावाच्या रंगभवनात रॉकच्या श्रोत्यांची दाटी होऊ लागली.

आमचे इंदूरही यात मागे राहिले नाही. २००६ साली येथे 'निकोटीन' नावाचा हेवी मेटल संघ स्थापन झाला, आणि मध्य भारतातील या संगीताच्या अग्रदूतांत त्याची गणना होते. नाव वाचून पालकांनी दचकू नये! त्याचे गायक दिग्विजय भोसले हे आहेत. म्हणजे हा गडगडाट मराठी आडनावालाही परका नाही. बेंगळुरूच्या 'क्रिप्टॉस' या १९९८ च्या संघाने जुन्या पद्धतीच्या मेटलचा ध्यास घेतला आणि २०१३ साली जर्मनीतील वाकन येथील विख्यात उत्सवात वादन केले. तेथीलच 'बेवर सी' या संघाने २०१२ साली अस्सल सॅबथी वळणाची ध्वनिमुद्रिका काढली. तिकडे बर्मिंगहॅम येथे ५ जुलै २०२५ रोजी ब्लॅक सॅबथचे चारही मूळ वादक अखेरचे एकत्र आले; त्यानंतर २२ जुलै रोजी त्यांचा गायक ऑझी ऑस्बर्न निवर्तला. मूळ पुरुष असे एकेक करून निघून जात असता, त्यांचा नाद मात्र दूरदूरच्या माड्यांवर जागा आहे.

येथे एक प्रश्न उभा राहतो. पन्नास वर्षांपूर्वीचा नाद आज पुन्हा वाजविणे ही नक्कल नव्हे काय? याचे उत्तर शोधण्यास परदेशी जाण्याचे कारण नाही. इंदूरच्या उस्ताद अमीर खाँसाहेबांनी अब्दुल वहीद खाँ यांची विलंबित गायकी मनात साठविली होती. परंतु अतिविलंबित झुमऱ्यात, मंद्र सप्तकात रमत, ते जे गाइले, त्यास जग आज इंदूर घराणे म्हणते. खालचा स्वर आणि संथ लय यांत किती मोठे सामर्थ्य आहे, हे आमच्या शहरास कोणी बर्मिंगहॅमहून येऊन सांगावयास नको! तसेच, १९४८ पासून देवासला राहिलेल्या कुमार गंधर्वांनी बालगंधर्वांची नाट्यपदे गाइली, तेव्हा त्या कार्यक्रमास त्यांनी 'मला उमजलेले बालगंधर्व' असे नाव दिले. या नावात सारे मर्म आहे. बालगंधर्वांसारखे गाणे निराळे, आणि आपणास उमजलेले बालगंधर्व गाणे निराळे. पहिली नक्कल होय. दुसरी परंपरा होय.

आम्हां इंदूरकर मराठी मंडळींना हा विचार विशेष लागू आहे. महाराष्ट्रापासून दूर, होळकरांच्या या नगरीत, पिढ्यान्‌पिढ्या आपण मराठी भाषा, नाट्यसंगीत आणि गणेशोत्सव जपीत आलो. परंतु पेटीत घडी घालून ठेवलेल्या शालूला कसर लागते. जे जपावयाचे ते वापरावे लागते, आणि वापरताना त्यात आपले काही घालावे लागते. नातवाने आजीची मराठी केवळ समारंभापुरती बोलावयाची, की त्याच मराठीत आपले सुखदुःख मांडावयाचे, यावर तिचे आयुष्य अवलंबून आहे.

जाता जाता विद्यार्थिमित्रांस एक सूचना करावीशी वाटते. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाकाठी आठ तासांहून अधिक ऐकल्यास कानांस अपाय होतो. १०० डेसिबलला ही मर्यादा अवघ्या पंधरा मिनिटांवर येते. गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. तेव्हा गडगडाट ऐकावा, पण कान राखून.

त्या आजोबा-नातवांचे पुढे काय झाले, हे सांगून हा लेख पुरा करतो. एके दिवशी आजोबा काठी टेकीत माडीवर गेले आणि म्हणाले, "आवाज थोडा कमी कर, आणि एक तुकडा नीट ऐकव." ऐकून झाल्यावर त्यांनी दोनच प्रश्न विचारले. "हे मूळ कोणाचे?" नातवाने बर्मिंगहॅमच्या कारखान्यापासून सारी हकिगत सांगितली. मग आजोबा म्हणाले, "बरे. आणि यात तुझे काय?"

या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्या मुलास त्या दिवशी देता आले नाही. तो अजूनही माडीवर गिटार घेऊन बसतो, आणि आता आजोबा दार लावून घ्या म्हणत नाहीत.