दीपंकर चक्रवर्ती आणि बंगालच्या पाण्यातले आर्सेनिक

आर्सेनिक हे मूलद्रव्य असल्याने त्याचे विघटन होत नाही. पाण्यात उतरले तरी ते चवीला किंवा वासाला कळत नाही. कोलकात्याचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. क्षितीशचंद्र साहा यांनी १९८३ मध्ये रुग्णांच्या राठ तळव्यांवरून आणि अंगावरच्या काळ्या डागांवरून आर्सेनिकची विषबाधा ओळखली. १९८८ पासून जादवपूर विद्यापीठाचे रसायनशास्त्रज्ञ दीपंकर चक्रवर्ती यांनी गावोगावच्या कूपनलिकांचे पाणी, रुग्णांचे केस, नखे आणि लघवी तपासली. प्रयोगशाळेतून उठून दारोदार गेलेले असे विज्ञान दुर्मीळच! आर्सेनिक बहुतांशी भूगर्भातल्या गाळातूनच आलेले होते. कोलकात्याच्या बेहाला भागात मात्र पॅरिस ग्रीन या कीटकनाशकाच्या कारखान्याचे सांडपाणी कारणीभूत ठरले. पुढे चक्रवर्तींच्या चमूने बांगलादेश आणि बिहारमधील पाण्यातही हे विष दाखवून दिले. चक्रवर्ती २०१८ मध्ये निवर्तले.