सुट्टीचे गाठोडे

मे महिना जवळ आला की शहरांत स्थायिक झालेल्या आपल्या कुटुंबांना गावाचे वेध लागतात. कोणी वडोदऱ्याहून बेळगावकडे निघतात, कोणी इंदूर-ग्वाल्हेरीहून कोकणात उतरतात, तर कोणी हैदराबादेहून गोव्यातील आजोळी जातात. गाडीची तिकिटे दोन महिने आधी काढून ठेवलेली असतात. पाहुण्यांसाठी भेटवस्तू, लाडू-चिवड्याचे डबे, औषधे यांची यादी भिंतीवर टांगलेली असते. कपड्यांचा विचार मात्र निघण्याच्या आदल्या रात्री होतो. हाताला येतील ते पाच-सहा जोड पेटीत कोंबले जातात आणि कोणीतरी म्हणते, “राहू दे, तिथे धुता येतील.” ‘धुता येतील’ हे खरेच. परंतु कोण धुणार, हा प्रश्न त्या रात्री कोणी विचारीत नाही. प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे.

वाचकांपैकी काहींना हसू येईल. धर्मगुरूने पेटी भरण्याविषयी लिहावे, हे त्यांस विचित्र वाटेल. परंतु ह्या बाबतीत आम्ही स्वतःच अपराधी आहोत. म्हणून लिहिण्याचा थोडासा अधिकार आम्हांस पोहोचतो.

आम्ही सेमिनरीत असताना दर मे महिन्यात सुट्टीसाठी गावी येत असू. येताना पत्र्याची ट्रंक मळक्या कपड्यांनी भरलेली असे. परीक्षेच्या गडबडीत धुणे राहून गेलेले असे, आणि ‘आता घरीच जायचे आहे’ हा विचार मनाला फार सोयीचा होता. ट्रंक ओटीवर ठेवली की आमचे काम संपले. पुढचे दोन दिवस मातोश्री विहिरीच्या वाटेवर असत. उन्हाळ्याने विहिरीचे पाणी तळाला गेलेले, दोर लांबवावा लागे, आणि घागर वर आली तरी अर्धी गढूळ येई. आम्ही पडवीत पुस्तक वाचीत पडत असू. पुष्कळ वर्षांनी आमच्या थोरल्या बहिणीने बोलता बोलता सहज म्हटले, “तू घरी आलास की आईच्या डोईवर दोन घागरी चढायच्या.” ती रागावून बोलली नव्हती, म्हणूनच ते वाक्य आम्हांस विसरता आले नाही.

आता थोडा हिशेब करू. चार माणसांच्या कुटुंबाचे एका दिवसाचे कपडे हाताने धुवायचे, साबण लावून दोनदा खळबळायचे, तर पंधरा लिटरच्या चार बादल्या पाणी सहज लागते. म्हणजे दिवसाला ६० लिटर, आणि पंधरा दिवसांत ९०० लिटर. दहा लिटरची एक घागर धरली तर ह्या ९० घागरी झाल्या. ज्या घरी आपण पाहुणे म्हणून जातो तेथे नळ असेल तर तोही मे महिन्यात दिवसाआड येत असेल. विहीर असेल तर तिचा तळ दिसू लागलेला असेल. धुण्याचे यंत्र असले तरी पाण्याची सुटका नाही. वरून कपडे भरावयाच्या यंत्रास एका खेपेला पुष्कळदा शंभर लिटरच्या आसपास पाणी लागते. पाहुण्यास कोणी पाणी नाकारीत नाही, आणि नाकारीत नाहीत म्हणूनच पाहुण्याने ते जपून मागावयाचे असते.

यावर उपाय एकच: जितके दिवस राहावयाचे तितक्या दिवसांचे कपडे घरूनच घेऊन जाणे. हे ऐकताच गृहस्थ म्हणतात, “फादर, एवढे ओझे कोण उचलणार?” आमचीही प्रथम हीच समजूत होती. म्हणून आम्ही आमच्या धर्मग्रामातील एका शिक्षिकाबाईंची मदत घेतली. त्यांनी घरातील प्रत्येक कपडा स्वयंपाकघरातील काट्यावर ठेवून पाहिला आणि पंधरा दिवसांचा ताळा आम्हांस लिहून दिला.

पुरुषाचे आतील कपडे रोज बदलावयाचे, म्हणून १५ जोड. एका जोडाचे वजन सुमारे १७० ग्रॅम. सुती सदरे ८, प्रत्येकी सुमारे २२० ग्रॅम. विजारी ४, प्रत्येकी ४५० ग्रॅम. रात्रीसाठी दोन लुंग्या. एकंदर झाले पावणेसात किलो. स्त्रीचे आतील कपडे, परकर, पोलकी, पाच सुती साड्या आणि रात्रीचे कपडे मिळून आठ किलो. बारा वर्षांच्या मुलाचे साडेपाच किलो, आठ वर्षांच्या मुलीचे साडेचार. चौघांचे मिळून पंचवीस किलोंच्याही आत! रेल्वेच्या शयनयान वर्गात एका पूर्ण तिकिटावर ४० किलो व साध्या दुसऱ्या वर्गात ३५ किलो सामान विनामूल्य नेता येते. मुलांच्या अर्ध्या तिकिटावर त्याच्या निम्मे. विमानाने जाणाऱ्यांसही देशांतर्गत प्रवासात बहुधा माणशी १५ किलो मिळतात. तेव्हा चार माणसांच्या पंचवीस किलोंना ‘ओझे’ म्हणणे हे निमित्त झाले. आपले ओझे फुगते ते भरगच्च टॉवेल, ‘लागला तर’ म्हणून घेतलेला कोट, तीन-तीन पादत्राणे आणि दोन जाड जीन यांनी. एक जाड टॉवेल अर्धा किलो भरतो. त्याच्या जागी पातळ पंचा घेतला तर त्याचे वजन चौथ्या हिश्श्याइतके होते आणि तो तासाभरात वाळतो.

ताळा पाहताना एक गोष्ट ध्यानात यावी. प्रत्येक कपडा रोज नवा लागत नाही. अंगाला थेट चिकटणारे कपडे रोज बदललेच पाहिजेत. तेथे काटकसर नको. सदरा एक दिवसाआड दोनदा चालतो; मात्र काढल्यावर घडी घालून पेटीत टाकावयाचा नाही, तर उलटा करून रात्रभर वाऱ्यावर टांगावयाचा. विजार किंवा साडी तीन-चार वेळा सहज नेसता येते. ज्यांस घाम फार येतो त्यांनी आठांऐवजी बारा सदरे घ्यावेत. वजन एक किलोदेखील वाढणार नाही.

कापडाची निवड हीही महत्त्वाची बाब आहे. घामाला स्वतःचा असा वास जवळजवळ नसतो. त्वचेवरील सूक्ष्म जंतू त्यावर वाढतात आणि दुर्गंधी उत्पन्न करतात. बेल्जियममधील गेंट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ साली २६ माणसांना सदरे घालावयास देऊन व्यायाम करविला आणि ते सदरे एक दिवसाहून अधिक काळ ठेवून तपासले. पॉलिएस्टरच्या सदऱ्यांना सुती सदऱ्यांपेक्षा अधिक उग्र वास आला; काही विशिष्ट जंतू कृत्रिम धाग्यावर जोमाने वाढत असल्याचे त्यांस आढळले. सुती धागा हवेतील ओलावा आपल्या वजनाच्या सात-आठ टक्के शोषून घेतो, लोकर त्याच्या दुपटीने. पॉलिएस्टर अर्धा टक्कादेखील नाही. म्हणून ‘धुवायला सोपे’ म्हणून घेतलेले कृत्रिम कापड धुणे टाळावयाच्या प्रवासात उपयोगी पडत नाही. आमच्या ग्वाल्हेर-इंदुराकडील भगिनींना हे सांगणे नको. चंदेरी व माहेश्वरी साडी रेशीम आणि सूत यांच्या मिलाफाने विणलेली असते. ती हलकी असते आणि एकदा नेसून वाऱ्यावर टाकली की पुन्हा नेसण्याजोगी होते. लग्नकार्यासाठी वेगळी भारी साडी हवीच असेल तर ती एकच घ्यावी.

पेटी भरताना कपडे घडी करण्यापेक्षा घट्ट गुंडाळ्या कराव्यात; सुरकुत्या कमी पडतात आणि जागा वाचते. एका दिवसाचा एका माणसाचा संच एकत्र गुंडाळला तर सकाळी शोधाशोध होत नाही. लहान मुलेही आपली गुंडाळी आपण काढून घेतात. सर्वांत जड कपडे व पादत्राणे अंगावर घालून प्रवास करावा. रंग गडद वा नक्षीचे असावेत. आंब्याच्या दिवसांत पांढरा सदरा मुलास घालणे म्हणजे धुण्यास निमंत्रण देणे होय. हे लिहिताना आमचा स्वतःचा पांढरा झगा आमच्याकडे पाहत आहे, हे आम्ही जाणून आहोत. सुट्टीवर जाताना आम्ही तो एकच नेतो.

मळक्या कपड्यांची व्यवस्था मात्र निघण्यापूर्वीच ठरवावी, नाहीतर सारी योजना कोसळते. त्यासाठी उशीचे दोन जुने अभ्रे उत्तम. प्लास्टिकची पिशवी वापरू नये. तिच्यात घामाचा ओलावा कोंडतो आणि चार दिवसांत सुती कापडावर बुरशीचे काळे ठिपके पडतात, जे पुढे कशानेही जात नाहीत. कपडा न धुता ठेवावयाचा असला तरी ओला ठेवावयाचा नाही. संध्याकाळी काढलेला कपडा दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उन्हात खडखडीत वाळवून मगच अभ्र्यात घालावा. जूनच्या पहिल्या आठवड्यात कोकण-गोव्यात पाऊस पोहोचतो. त्या सुमारास परतणाऱ्यांनी तर हे विशेष सांभाळावे.

आता दोन आक्षेपांचा विचार करणे प्राप्त आहे.

पहिला आक्षेप असा की, पंधरा-पंधरा जोड सर्वांकडे असतात कोठे? आक्षेप योग्य आहे. केवळ ह्या लेखासाठी कोणी दुकानात धाव घेऊ नये. कर्ज काढून केलेली टापटीप ही टापटीप नव्हे. ज्यांच्याकडे चारच जोड आहेत त्यांनी चारच न्यावेत, मात्र एक नियम पाळावा: आपला कपडा आपण धुवावा. वडिलांनी आपला, मुलाने आपला. स्नानाच्या वेळी आतील कपडे अर्ध्या बादलीत खळबळून दोरीवर टाकावयास पाच मिनिटे लागतात. ते काम आपोआप यजमानीणबाईंच्या किंवा स्वतःच्या पत्नीच्या वाट्याला जाऊ नये, एवढेच आमचे म्हणणे आहे. तान्हे मूल किंवा आजारी वृद्ध बरोबर असेल तर धुणे टळतच नाही, हेही उघड आहे. तेथे इतरांचे धुणे नसणे हीच त्या माउलीला मोठी मदत.

दुसरा आक्षेप अधिक मार्मिक आहे, आणि तो शिक्षिकाबाईंनीच काढला. त्या म्हणाल्या, “फादर, तुम्ही धुणे टाळले नाही, पुढे ढकलले. परत आल्यावर पंचवीस किलो कपडे कोणासमोर पडणार?” आम्ही निरुत्तर झालो. सहा-सात किलोंच्या यंत्रात ह्या चार खेपा होतात. हाताने धुणाऱ्या घरात तर चार दिवसांचे काम. सुट्टीत वाचलेले कष्ट परतल्यावर एकाच बाईच्या माथी मारावयाचे असतील तर ह्या लेखाचा कागद फुकट गेला असे समजावे.

म्हणून ताळ्याला एक पुरवणी जोडली पाहिजे. शाळा व कचेरी सुरू होण्याच्या आदल्या रात्री घरी पोहोचू नये. दोन दिवस हातचे राखून परतावे. त्या दोन दिवसांत धुण्याचा ढीग सर्वांनी वाटून घ्यावा: एकाने निवडावे, एकाने धुवावे, मुलांनी वाळत घालावे व घड्या कराव्यात. घरी आपले यंत्र असते, आपली दोरी असते, आपले पाणी असते आणि घरचे आठ हात असतात. परगावी ह्यांपैकी काहीच आपले नसते, आणि हात दोनच असतात. ते कोणाचे, हे वाचकांस सांगावयास नको. धुणे पुढे ढकलण्यात अर्थ आहे तो एवढ्याचसाठी.

आपल्या घरांतील पुष्कळ स्त्रियांना सुट्टी म्हणजे केवळ जागेचा बदल असतो. तेच धुणे, तेच भांडे, फक्त विहीर वेगळी. माहेरी येऊनही ती दुपारी दगडावर कपडे आपटीत असते आणि तिची आई दारात उभी राहून तिच्याशी बोलते. दोघींनी एका चटईवर बसून बोलावे असे दिवस वर्षाकाठी पंधराच, आणि त्यांतले तासन् तास साबणाच्या फेसात जातात. पेटीत सात-आठ सदरे अधिक घातल्याने ते तास परत मिळत असतील तर तो सौदा महाग नाही.

गेल्या मे महिन्यात आम्ही गावी आठ दिवस राहून आलो. ह्या खेपेस बहिणीचे वाक्य स्मरून आठ दिवसांचे कपडे गुंडाळून नेले होते. मातोश्रींचे वय झाले आहे. घरात आता नळ आहे, विहिरीवर जावे लागत नाही. तरी आम्ही पोहोचताच त्यांनी सवयीने पेटीकडे हात नेला. झाकण उघडून पाहिले, सारे कपडे स्वच्छ. त्या क्षणभर गोंधळल्या.

“काय रे, धुवायचं काहीच नाही?” त्यांनी विचारले.

“नाही आई.”

त्यांस आनंद झाला की किंचित वाईट वाटले, हे आम्हांस कळले नाही. बहुधा दोन्ही. त्यांनी झाकण लावले, पदराला हात पुसले, जरी ते ओले नव्हते, आणि पडवीत येऊन आमच्या शेजारी बसल्या. मग त्यांनी आपल्या लहानपणाची एक गोष्ट सांगितली. इतक्या वर्षांत ती आम्ही कधी ऐकली नव्हती.