घन बॅटरी : द्रव्याचा लौकिक आणि रचनेचा हिशेब

नागपूरजवळच्या कन्हान गावाच्या भोवती कोळशाच्या खाणी आहेत, आणि जबलपूरच्या हमरस्त्याने उत्तरेस गेले की मनसरची मँगनीजची खाण लागते. भंडारा जिल्ह्यातील डोंगरी बुजुर्ग येथे अशाच धातुकापासून विद्युत्-प्रक्रियेने मँगनीज डायऑक्साइड काढले जाते व ते पुढे विजेरीच्या सेलांत जाते. ज्या मुलखाचे वैभव जमिनीतून निघालेल्या द्रव्यावर उभे आहे, त्या मुलखात बॅटरीचे सामर्थ्य म्हणजे तिच्यात घातलेल्या द्रव्याचे सामर्थ्य, अशी समजूत दृढ असावी यात नवल नाही. परंतु ज्या घन लिथियम बॅटरीचा, म्हणजे आयन वाहून नेणारा इलेक्ट्रोलाइट द्रवाऐवजी घन असलेल्या बॅटरीचा, सध्या एवढा गवगवा आहे, तिच्या बाबतीत ही समजूत जितकी दिशाभूल करते तितकी अन्य कोणत्याही घटाच्या बाबतीत क्वचितच करत असेल.

आधी एक किरकोळ गैरसमज दूर करतो, तो असा की ही वस्तू कालपरवा जन्मास आली. घन पदार्थातून आयन वाहू शकतात हे फॅरडेने एकोणिसाव्या शतकातच पाहिले होते. 1972 साली इटलीत एका रुग्णाच्या शरीरात बसवलेल्या हृदयगतिनियामकातील लिथियम-आयोडीन घट हा घनघटच होता. आणि आपल्या नागपूर विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागातही प्रा. कमल सिंग व प्रा. एस. एस. भोगा यांनी घन आयनवाहकांवर दीर्घकाळ संशोधन केले आहे. हृदयगतिनियामकाला अत्यल्प प्रवाह लागतो, म्हणून तेथे साधी रचना निभावून गेली. मोटार ओढायची म्हटली की तोच पदार्थ अपुरा ठरतो.

आता मुख्य मुद्दा. 2011 साली जपानी संशोधकांनी लिथियम, जर्मेनियम, फॉस्फरस व गंधक यांचे एक संयुग जाहीर केले, ज्याची आयनवाहकता सामान्य तापमानास सेंटिमीटरला 12 मिलिसीमेन्स, म्हणजे प्रचलित द्रव इलेक्ट्रोलाइटच्या तोडीची होती. आणि तेव्हापासून प्रश्न सुटला असे पुष्कळांना वाटू लागले. वस्तुस्थिती अशी की घटाला वाहकता नव्हे तर रोध जाणवतो, आणि रोध हा वाहकतेइतकाच थराच्या जाडीवर अवलंबून असतो. 1 मिलिसीमेन्स वाहकतेचा पदार्थ घेऊन प्रयोगशाळेतल्या रिवाजाप्रमाणे 1 मिलिमीटर जाडीची वडी दाबून केली, तर चौरस सेंटिमीटरमागे 100 ओहम रोध पदरी पडतो. त्याच पदार्थाचा 20 मायक्रॉनांचा पातळ थर केला तर अवघे 2 ओहम. पदार्थ तोच, वाहकता तीच, परंतु 3 मिलिॲम्पिअरचा प्रवाह घेताच पहिल्या घटात 0.3 व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात आणि दुसऱ्यात त्यांचा पत्ताही लागत नाही. वजनाचा हिशेबही पाहण्याजोगा आहे: चौरस सेंटिमीटरमागे 4 मिलिॲम्पिअर-तास विद्युतभार साठवणाऱ्या धनाग्रात सुमारे 20 मिलिग्रॅम क्रियाशील द्रव्य असते, आणि गंधकयुक्त इलेक्ट्रोलाइटची ती 1 मिलिमीटरची वडी 200 मिलिग्रॅमच्या आसपास भरते, म्हणजे वाहून नेणारा मालाच्या दहापट जड. म्हणून "आमच्या पदार्थाने अमुक कामगिरी केली" असा दाखला पुढे आला की त्या घटातील थर किती जाड होता, हे विचारल्यावाचून तो दप्तरी दाखल करू नये.

याच जातीचा दुसरा भ्रम ऋणाग्रात ग्राफाइटऐवजी घालायच्या लिथियम धातूविषयी आहे. ग्राफाइटची धारणाशक्ती ग्रॅममागे 372 मिलिॲम्पिअर-तास आणि लिथियमची 3860, सबब बॅटरी दहापट चालेल, असे त्रैराशिक मांडले जाते. त्यात धनाग्र, पत्रे, वेष्टन व इलेक्ट्रोलाइट यांचे वजन जागच्या जागी राहते याचा विसर पडलेला असतो.

द्रव काढून घन घातला की बाकीचा घट पूर्ववत राहतो, ही कल्पनाही अशीच फसवी आहे. कोळशाच्या ढिगावर पाणी ओतले तर ते प्रत्येक ढेकळाच्या फटीत शिरते, पण त्यावर खडी टाकली तर ती ढेकळांना बिंदूबिंदूंनीच शिवते. धनाग्रातील कणांची आणि घन इलेक्ट्रोलाइटची गाठ याच दुसऱ्या प्रकारची असते. जो कण कोठेही स्पर्शत नाही तो वजनात मोजला जातो, कामात नाही. म्हणून धनाग्रात इलेक्ट्रोलाइटचे चूर्ण स्वतंत्र मिसळावे लागते, ते क्रियाशील कणांहून बारीक ठेवावे लागते, आणि इलेक्ट्रॉनांसाठी घातलेला कार्बन गंधकयुक्त इलेक्ट्रोलाइटचे विघटन त्वरेने घडवतो म्हणून त्याचेही प्रमाण मुक्रर करावे लागते. माझ्या मते या शाखेतील खरी कारागिरी येथे आहे, आणि तिचा उल्लेख जाहिरातींत नेमका गाळलेला असतो.

"भिंत टणक असली की लिथियमचे काटे तिला भेदू शकत नाहीत" हे भारणाच्या वेळी ऋणाग्रावर उगवणाऱ्या धातूच्या काट्यांविषयीचे विधान तर सिद्धांताच्या आधाराने केले जाते. मन्रो आणि न्यूमन या संशोधकांच्या 2005 च्या गणितानुसार इलेक्ट्रोलाइटचा दृढतांक लिथियमच्या सुमारे दुप्पट असणे पुरेसे होते. गार्नेट जातीच्या ऑक्साइड इलेक्ट्रोलाइटांचा तो दहापटीहून अधिक आहे, आणि तरीही त्यांतून लिथियम पार गेलेले आढळले, कारण ते भिंत फोडत नाही, तिच्यातील सूक्ष्म भेगा व कणसीमा शोधून आत शिरते. बॅटरी वापरताना लिथियम ऋणाग्रावरून निघून जाते तेव्हा मागे पोकळ्या राहतात, उरलेल्या स्पर्शस्थळांवर प्रवाह एकवटतो, आणि पुढच्या भारणात काटा तेथेच उगवतो. हा स्पर्श टिकवण्यासाठी बाहेरून दाब द्यावा लागतो. 100 चौरस सेंटिमीटरच्या घटावर 5 मेगापास्कल दाब म्हणजे सुमारे 5 टनांचा भार. तो पेलणाऱ्या पोलादी पट्ट्यांचे वजन मोटारीच्याच माथी बसते. शिवाय 4 मिलिॲम्पिअर-तासांमागे लिथियमचा थर जवळजवळ 20 मायक्रॉनांनी चढतो आणि उतरतो. असे वीस थर एकावर एक रचले तर प्रत्येक भारणाला घट 0.4 मिलिमीटर फुगतो, आणि ही हालचाल सोसूनही दाब सम ठेवण्याची तजवीज मूळ आराखड्यातच करावी लागते.

आगीविषयी थोडक्यात सांगतो. ज्वालाग्राही द्रव गेल्याने धोका कमी होतो, नाहीसा होत नाही, लिथियम 180.5 अंशांना वितळते, आणि गंधकयुक्त इलेक्ट्रोलाइटला ओलावा लागला की विषारी हायड्रोजन सल्फाइड सुटतो. पॅरिसमध्ये एप्रिल 2022 मध्ये दोन विजेवरच्या बसगाड्या जळाल्या व त्या जातीच्या 149 गाड्या तात्पुरत्या रस्त्यावरून काढल्या गेल्या; त्यांतील बॅटऱ्या घन पॉलिमराच्याच होत्या.

राहता राहिला उष्णतेचा प्रश्न. बॅटरीला उन्हाचे वावडे असते, तेव्हा नागपूरच्या वैशाखात घनघटांची काय गत होईल, अशी चिंता येथे व्यक्त होते. प्रत्यक्षात अडचण बहुधा उलटी आहे, उन्हाची नव्हे तर थंडीची. 2020 साली सॅमसंगच्या संशोधकांनी लिथियमाऐवजी चांदी व कार्बन यांचा पातळ थर ऋणाग्री योजून केलेला 0.6 ॲम्पिअर-तासांचा घट लिटरमागे 900 वॉट-तासांहून अधिक ऊर्जा साठवून हजार वेळा भारला गेला, परंतु बांधणीच्या वेळी 490 मेगापास्कल दाबाने आवळून, आणि चाचणीत 2 मेगापास्कल दाबाखाली 60 अंश तापमानास. आपला मे महिना 47 अंशांपर्यंत जातो, म्हणजे या चाचणीपेक्षा थंडच; आणि डिसेंबर 2018 मध्ये नागपुरात पारा 3.5 अंशांवर उतरला होता. पॉलिमराच्या घटांना तर कामासाठी 60 ते 80 अंशांची ऊब लागते, म्हणून त्यांवर चालणारी गाडी उभी असतानाही तिला विजेच्या तारेस जोडून बॅटरी गरम ठेवण्याचा बंदोबस्त करावा लागतो, आणि ती वीज ज्याची गाडी त्याच्याच बिलात येते.