खिडकी मिटली तरी आभासी संगणक चालू का राहतो?

सॉफ्टवेअरने एका संगणकाच्या आत उभारलेला दुसरा संगणक, म्हणजेच आभासी यंत्र, पडद्यावरची खिडकी मिटली तरी चालूच राहतो. कारण लिनक्सवर त्याला सुरू-बंद करण्याचे काम पडद्याआडची ‘लिबव्हर्ट’ ही सेवा करते आणि खिडकी केवळ रिमोटसारखी आज्ञा पोहोचवते. ‘व्हर्ट-मॅनेजर’ हा रिमोट वापरणाऱ्याच्या संगणकावर बसवावा लागतो, तर ‘कॉकपिट’ हा दुसरा रिमोट आभासी यंत्रे चालवणाऱ्या सर्व्हरवरच राहून, एरवी ९०९० क्रमांकाच्या पोर्टवरून, म्हणजे जाळ्यावरील ठरावीक प्रवेशद्वारातून, कोणत्याही ब्राउझरमध्ये उघडतो. रेड हॅट या कंपनीने २०१९ मध्ये आपल्या लिनक्सच्या आठव्या आवृत्तीत कॉकपिटला पसंती दिली. तथापि आभासी यंत्राचे सुटे भाग बारकाईने जुळवायचे असल्यास व्हर्ट-मॅनेजरच अधिक समर्थ ठरतो, आणि दोघांची आज्ञा एकाच सेवेकडे जात असल्याने दोन्ही एकत्र वापरण्यास काहीच आडकाठी नाही.