जीडी, नौदल की हवाई दल?

कोल्हापूर जिल्ह्यातल्या शाहूवाडी तालुक्यात बारावी झालेल्या पोराला पुढं काय करणार म्हणून विचारलं, तर ‘भरतीचं बघतोय’ हे उत्तर हमखास मिळतं. भरती म्हणजे लष्कर, आणि लष्कर म्हणजे जीडी, म्हणजेच जनरल ड्युटी. नौदलाचं किंवा हवाई दलाचं नाव क्वचितच निघतं.

याला कारण आहे. लढाईची आठवण सांगणारी पावनखिंड आणि विशाळगड याच तालुक्यातले. जिल्ह्यात शिरोळकडं सैनिक टाकळीसारखं फौजींचं गाव आहे. १७६८ पासूनची परंपरा सांगणाऱ्या मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावात, म्हणजे फार लांब नाही. सुट्टीवर आलेला चुलता किंवा मामा स्वतः ज्या वाटेनं गेला तीच वाट दाखवतो. पण त्याच बेळगावजवळ सांबऱ्याला हवाई दलाच्या जवानांचं प्रशिक्षण केंद्र आहे, हे मलकापूर-बांबवड्याच्या किती पोरांच्या कानावर आलेलं असतं?

माझं स्पष्ट मत आहे की दलाची निवड बारावीनंतर होतच नाही. ती दहावीचा निकाल लागल्यावर, अकरावीच्या प्रवेश अर्जावर होते. लष्करात अग्निवीर (अग्निपथ योजनेतला जवान) म्हणून जीडीला दहावी ४५ टक्क्यांनी पास पुरते. अग्निवीर टेक्निकलला बारावी विज्ञान किंवा दहावीनंतर आयटीआय, डिप्लोमा लागतो. नौदलाच्या एसएसआर (सीनियर सेकंडरी रिक्रूट) भरतीलाही बारावीवरून जायचं तर गणित आणि भौतिकशास्त्र हवं; दहावीवर एमआरची (मॅट्रिक रिक्रूट) वाट तेवढी उरते. म्हणजे ‘भरतीच करायचीय, मग सायन्स कशाला’ असं म्हणून जो कला शाखेत जातो, त्याची निम्मी दारं सोळाव्या वर्षीच बंद होतात. हवाई दल मात्र कला-वाणिज्यवाल्यांनाही घेतं. अट एवढीच, की बारावीला एकूण ५० टक्के आणि इंग्रजीतही ५० टक्के हवेत. आमच्याकडं नेमकं इंग्रजीच मागं पडतं.

मैदानाचा हिशेबही वेगळा आहे. सोळाशे मीटर सगळीकडंच धावायचं असतं. लष्करात साडेपाच मिनिटांच्या आत आलात तर पूर्ण ६० गुण, दहा पुलअप्सचे आणखी ४०. नौदलात मुलांना साडेसहा मिनिटं मिळतात, हवाई दलात सात. लष्कराच्या जीडीला महाराष्ट्रातल्या मुलाची उंची १६८ सेंटीमीटर लागते. दोन-तीन सेंटीमीटरनं हुकलेली कितीतरी पोरं खचून घरी बसतात. नौदल-हवाई दलाची उंचीची अट बरीच खाली आहे, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. तयारी करताना रोज हायवेच्या डांबरावर धावू नका. नडगी धरते आणि ऐन भरतीत पाय साथ देत नाही. शाळेचं मातीचं मैदान बरं. मेडिकलच्या आधी कानातला मळ डॉक्टरकडून काढून घ्या, कारण एवढ्याशा गोष्टीवरूनही अडवतात.

२०२२ साली अग्निपथ योजना आली आणि निवडीचा सगळा अर्थच बदलला. मूळ अटींप्रमाणे वय साडेसतरा ते एकवीस, नोकरी चार वर्षांची, पगार महिना तीस हजारांपासून चौथ्या वर्षी चाळीस हजारांपर्यंत. शेवटी सुमारे ११ लाख ७१ हजारांचा सेवा निधी मिळतो, पेन्शन नाही. पुढं कायम होतात ते जास्तीत जास्त २५ टक्के. म्हणून चार वर्षांनी हातात कोणतं काम असेल, हा प्रश्न आधी विचारायला हवा. इंजिन, वीज, रडार किंवा रेडिओ यांवर हात बसलेल्याला बाहेर काम शोधणं सोपं जातं. जीडीचा मान मोठा आहे, त्याला मी कमी लेखत नाही. पण जीडी निवडायचं ते समजून-उमजून, दुसरं माहीत नाही म्हणून नव्हे.

मुलींनी तर हे नीट पाहावंच. लष्करात अग्निवीर म्हणून त्यांना फक्त मिलिटरी पोलिसात जागा आहे, नौदल आणि हवाई दलात मात्र वाट जास्त रुंद आहे. ज्यांचं गणित पक्कं आहे त्यांनी, मुलगा असो वा मुलगी, बारावीत असतानाच खडकवासल्याच्या एनडीएची (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) परीक्षा द्यावी. ती वर्षातून दोनदा होते, आणि २०२१ पासून मुलींनाही खुली आहे. मुलींची पहिली तुकडी मे २०२५ मध्ये तिथून बाहेर पडली.

तालुक्यातल्या हायस्कूलांना एक विनंती आहे. दहावीच्या परीक्षेआधी नौदलातून किंवा हवाई दलातून निवृत्त झालेल्या माणसाला एकदा वर्गात बोलवा, आणि त्या दिवशी पालकांनाही बसवून घ्या.