राखेंतील निखारा

एकत्र कुटुंबांत वाढलेल्या आम्हां लोकांना, आपल्याकडे वडीलधाऱ्यांचा मान राखला जातो, असा एक अभिमान असतो. तो अगदींच पोकळ आहे असें नव्हे. परंतु मान राखणें आणि गुण ओळखणें ह्या दोन गोष्टी एकच आहेत काय, ह्याचा विचार आम्ही क्वचित् करतों. दूर उत्तरेकडील एका लेखिकेचें लहानसें पुस्तक वाचतांना हा प्रश्न आमच्यापुढें उभा राहिला. म्हणून त्या पुस्तकाची ओळख वाचकांस करून देण्याचें योजिलें आहे.

लेखिकेचें नांव वेल्मा वॉलिस. अलास्कामध्यें यूकॉन व पॉर्क्युपाइन ह्या नद्यांच्या संगमाजवळ, उत्तर ध्रुववृत्ताच्या किंचित् पलीकडे, फोर्ट यूकॉन नांवाचें खेडें आहे. 1960 सालीं ग्विचिन जमातीच्या एका कुटुंबांत बाईंचा जन्म झाला. 13 भावंडांपैकीं त्या एक. त्या 13 वर्षांच्या असतांना वडील वारले, आणि आईला हातभार लावण्यासाठीं त्यांनीं शाळा सोडली. पुढें गांवापासून 12 मैलांवर वडिलांच्या शिकारीच्या झोपडींत त्या राहूं लागल्या, आणि शिकारीवर व मासळीवर निर्वाह करण्याची आपल्या लोकांची जुनी विद्या त्यांनीं हस्तगत केली. एके दिवशीं दोघी मायलेकींनीं रानांत सरपण गोळा केलें. पन्नाशी उलटलेली आई अजून किती कष्ट उपसते, ह्याचें लेकीला नवल वाटलें. त्याच बोलण्याच्या ओघांत आईनें तिला एक जुनी गोष्ट सांगितली. 'टू ओल्ड विमेन' ह्या नांवानें 1993 सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध झाली ती हीच गोष्ट. पुढें तिचीं अनेक भाषांत भाषांतरें झालीं.

गोष्ट गोरे लोक त्या प्रदेशांत येण्यापूर्वींची आहे. कडाक्याचा हिवाळा, शिकार मिळेनाशी झालेली, आणि शिकारीमागें भटकणारी एक टोळी उपासमारीनें जेरीस आलेली. अशा वेळीं मुखिया जाहीर करतो कीं, दोन म्हाताऱ्यांना मागें ठेवून पुढें जावयाचें. एक 80 वर्षांची, तिच्या नांवाचा अर्थ एक चिमुकला पक्षी; दुसरी 75 वर्षांची, तिच्या नांवाचा अर्थ तारका. थोरलीची पोटची लेक तेथेंच उभी आहे. पण लोकांच्या भयानें तिच्या तोंडून शब्द फुटत नाहीं. जातांना ती मूस नांवाच्या मोठ्या सांबराच्या कच्च्या चामड्याच्या वाद्या आईपाशीं ठेवते. नातू आपली हाडाची कुऱ्हाड झाडांत लपवून ठेवतो. एवढ्या शिदोरीवर त्या दोघी बर्फांत उरतात.

येथें लेखिकेनें म्हाताऱ्यांचीहि बाजू धुऊन स्वच्छ केलेली नाहीं, हें आम्हांस विशेष वाटलें. दोघीहि सदा कुरकुरणाऱ्या होत्या. पायांत बळ असतां काठी टेकीत, आणि दुसऱ्यांनीं आणून दिलेलें खात. लोकांनीं त्यांना निरुपयोगी ठरविलें, पण आधीं त्यांनीं स्वतःलाच तसें मानलें होतें. आतां मात्र बसून मरावयाचें नाहीं, मरण यावयाचेंच तर धडपडतांना येवो, असा त्या निश्चय करतात. मग हात आठवूं लागतात. कुऱ्हाड फेंकून खार मारली जाते. वाद्यांचे फांस होऊन त्यांत ससे सांपडतात. त्याच वाद्यांनीं बर्फांत पाय रुतूं नयेत म्हणून पायांस बांधावयाच्या चौकटी विणल्या जातात. मासळीच्या एका जुन्या जागेची आठवण धरून त्या पायपीट करतात, आणि वाटेंत राख भरलेल्या चामडी पिशवींत जिवंत निखारा जपून नेतात. रात्रीं चुलींतला विस्तव राखेखालीं झांकून सकाळीं फुंकणाऱ्या आमच्या आज्या डोळ्यांपुढें उभ्या राहिल्या.

उन्हाळ्यांत त्या मासे वाळवून ठेवतात, सशांच्या कातड्यांचीं वस्त्रें शिवतात. पुढल्या हिवाळ्यांत तीच टोळी पुन्हां उपाशी परत येते. एका वयस्क वाटाड्याला धुराचा वास येतो, आणि शोध लागतो. आतां अन्न म्हाताऱ्यांजवळ आहे आणि भूक लोकांजवळ! त्या अन्न देतात. पण विश्वास मात्र सावकाश, मोजून देतात. लेकीला तर आईपुढें येण्याचें धैर्य सर्वांच्या शेवटीं होतें. क्षमेचा मार्ग सोपा नाहीं, हें लेखिका जाणते.

ही गोष्ट छापूं नये, तीमुळें जमातीची नाचक्की होईल, असें तिच्याच लोकांपैकीं कित्येकांना वाटलें होतें. आमच्या मतें उलट आहे. ज्या समाजानें आपला अपराध पिढ्यान्‌पिढ्या मुलांना सांगितला, त्यानें तो झांकणाऱ्यांपेक्षां आपली परंपरा अधिक जपली. पुढेंहि बाईंनीं हाच मार्ग धरला. 1996 सालच्या पुस्तकांत, शिकारी होऊं पाहणारी एक मुलगी व सूर्याच्या मागें जाऊं पाहणारा एक तरुण, ह्या रूढीला न जुमानणाऱ्या दोघांच्या कथा आहेत. आणि 2002 सालच्या आत्मकथनांत मद्यानें आपल्या घराची व गांवाची केलेली दैना त्यांनीं निर्भीडपणें सांगितली आहे.

आमच्या घरांतून म्हाताऱ्यांना बर्फांत कोणी सोडीत नाहीं. परंतु कोपऱ्यांतल्या खाटेवर वेळच्या वेळीं ताट पोंचवून, त्यांना कांहींएक न विचारतां, घरें चालतातच. आजीला काय काय येतें, हें एकदां तिलाच विचारून पाहावें, आणि आजीनेंहि, "मला मेलीला काय येतंय?" असें न म्हणतां, हातानें करून दाखवावें.